न वाचलेल्या पुस्तकांची शिक्षा

माझं वय बेचाळीस आणि मी सोळा वर्षांच्या मुलींसाठी लिहिलेली पुस्तकं वाचते. हे मी लपवत नाही, कारण लपवता येत नाही. रोज सकाळी अमरावतीहून अकोल्याला जायचं, ऑफिस करायचं, संध्याकाळी परत यायचं. आमच्या भाषेत याला अपडाऊन म्हणतात. त्याच गाडीत, त्याच बाकांवर तीच माणसं. त्यामुळे कोणी आज काय भाजी आणली आणि कोणाच्या हातात काय पुस्तक आहे, हे सगळ्यांना ठाऊक. माझ्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर बहुतेक वेळा धुकं, मुकुट आणि पाठमोरी उभी असलेली मुलगी असते. समोरच्या बाकावरचे एक गृहस्थ दर नव्या पुस्तकाला विचारतात, "म्याडम, हे लेकराइचं पुस्तक हाये ना?" मी हो म्हणते. त्यांना वाटतं, भाचीसाठी नेतेय. ते अर्धं खरं आहे.

अर्धं अशासाठी, की पुस्तक आधी मी वाचते आणि मग भाचीला देते. भाची म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीची मुलगी, तेल्हाऱ्याची. लहान असताना एका उन्हाळ्याच्या सुट्टीत ती आमच्याकडे आली, माझ्या कपाटातलं एक जाडजूड पुस्तक काढून कूलरसमोर पालथी पडली आणि जेवायलाही उठेना. माझी आई म्हणाली, "हे पोट्टी बी तुयासारखीच निंघाली." माझं लग्न झालेलं नाही आणि त्याचं मला फारसं वाईटही वाटत नाही. पण त्या दुपारी मला आपलं माणूस मिळाल्यासारखं वाटलं. माझ्या घरात, ऑफिसात, गाडीत मला या पुस्तकांविषयी भांडायला दुसरं कोणी नव्हतं. पुढे अकरावीला ती मेडिकलच्या नीट परीक्षेच्या क्लाससाठी अकोल्यात होस्टेलवर आली आणि मला आनंदच झाला. शनिवारी ऑफिस सुटलं की मी होस्टेलच्या फाटकाशी जायची, वाचलेलं पुस्तक तिच्याकडे ठेवायला द्यायची आणि आम्ही दोघी तिथेच उभ्या उभ्या तावातावाने बोलायचो.

भांडण्यासारखं पुष्कळ असतं. ही पुस्तकं मला आवडतात म्हणून मी त्यांचं कौतुक करीन असं कोणी समजू नये. इतका संताप मला साहेबांचाही येत नाही. तीन भाग सांगतात आणि पाच करतात. पाचवा फार मोठा झाला म्हणून त्याचे दोन करतात. मधला एक भाग तर नुसता चालण्यात जातो. सगळे चालतात, थंडीने कुडकुडतात, पाव आणि कसलासा रस्सा खातात आणि शेवटच्या पानावर कोणीतरी दार उघडतं. दार कोणी उघडलं ते कळायला दोन वर्षं थांबा. नायिका अनाथ. तिच्यामागे दोन मुलं. एक अबोल, त्याच्या भुवईवर व्रण, आणि दुसरा हसरा, तो मरणार हे आपल्याला पहिल्या दिवसापासून कळतं, तिला कळत नाही. आपण श्वास रोखून धरला होता, हे तिला दर दहा पानांनी नव्याने समजतं. आणि मला सगळ्यात जास्त चीड कशाची येते, तर यांपैकी एकाही मुलीला मावशी नसते. साम्राज्यं उलथतात, पण दोन घास खाऊन जा म्हणणारं कोणी नाही.

मग वाचता कशाला, असं कोणी विचारेल. वाचते, कारण त्यात सोळा वर्षांच्या मुलीच्या म्हणण्यावर जग हलतं. आमच्याकडे सोळा वर्षांच्या मुलीला कोणत्या शाखेला जायचं हेसुद्धा घरातले बसून ठरवतात. शिवाय मराठीत या वयासाठी शोधायला जावं, तर एकीकडे चिऊकाऊच्या गोष्टी आणि दुसरीकडे थेट मोठ्यांची दुःखं. मधल्या मुलांनी गाइड वाचावं अशी आपली बहुधा अपेक्षा आहे. म्हणून आम्ही दोघी इंग्रजीतून वाचायचो, अडखळत, आणि वऱ्हाडीतून भांडायचो.

आमची तेव्हाची मालिका होती मिठाची. एका मुलीचं मीठ ऐकतं. ती बोलावेल तिथे येतं, समुद्रातून, भिंतीतून, माणसाच्या घामातूनसुद्धा. माझ्या आईला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मंग त्या पोरीले सैपाकात तरी काही उपेग होते का नाई?" आई स्वतः वाचणारी आहे. तिचं वाचन अमरावतीच्या एका जुन्या वाचनालयातलं, एका वेळी एकच पुस्तक. अशा वाचनालयांतल्या सवयीच्या वाचकांची एक पद्धत असते, आणि ती ग्रंथपालांना अजिबात आवडत नाही. आपण हे पुस्तक आधी वाचलंय की नाही, हे पुढच्या खेपेला कळावं म्हणून प्रत्येकजण एका ठरावीक पानावर आपली खूण करून ठेवतो. कोणाची फुली, कोणाचा छोटा सूर्य. आईचं सत्ताविसावं पान. पुस्तक संपलं की ती मागे येते आणि त्या पानाच्या आकड्याखाली पेन्सिलीने एक टिंब देते. सत्ताविसावंच कावून, असं मी तिला एकदा विचारलं होतं. "ज्याले पुस्तक सोडाचं हाये तो तिथपर्यंत सोडून देते," ती म्हणाली. "तिथून पुढं गेला का मंग तो पुस्तकाचा झाला." संपलं नाही तर टिंब नाही. ते टिंब आईशिवाय कोणाला काही सांगत नाही.

भाचीचं तसं नव्हतं. तिच्याकडे अ‍ॅप होतं. पुस्तक वाचून झालं की त्यात टिक करायची, पाचपैकी चांदण्या द्यायच्या आणि जानेवारीत वर्षाचं टार्गेट ठरवायचं. तिने मलाही त्यात घातलं, माझं टार्गेट तिच्यापेक्षाही मोठं ठरवून. तिचं टार्गेट पन्नास पुस्तकांचं. मी म्हटलं, अगं, अभ्यास करून पन्नास कशी होतील? "होतात मावशी, लोकं शंभर करतात." ही शंभर करणारी लोकं कोण आणि त्यांच्या घरी भांडी कोण घासतं, हे मला आजवर कळलेलं नाही. मी आठवड्याला एखादं पुस्तक वाचणारी बाई. तरी ते अ‍ॅप मला सांगायचं की तुम्ही वेळापत्रकाच्या मागे आहात. मी माझ्या करमणुकीत मागे पडले होते! तीन चांदण्या द्याव्यात की चार, याचा विचार करता करता शेवट डोक्यातून निघून जायचा. एक दिवस वैतागून मी ते उघडायचंच सोडून दिलं, काढून मात्र टाकलं नाही, कारण त्यात भाचीची पुस्तकं दिसायची.

बारावीचं वर्ष अर्धं झालं आणि डिसेंबर संपता संपता त्या अ‍ॅपने तिला एक रंगीत चित्र करून दिलं. पन्नास पुस्तकं, अमुक हजार पानं, अभिनंदन, वर फुगे. तिने ते व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसला ठेवलं. मैत्रिणींनी बघावं म्हणून ठेवलं असणार. पण स्टेटस तेल्हाऱ्यातही दिसतं. भाऊजींनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, ते चहा पिता पिता बघितलं. त्यांचं तिथे बी-बियाण्यांचं दुकान आहे, शेती आहे, स्वभाव मुळात वाईट नाही. पोरगी डॉक्टर झाली पाहिजे एवढा एकच विचार त्यांच्या डोक्यात दोन वर्षं होता. त्यांनी दुकानात बसून भागाकार केला आणि मला फोन लावला.

"बाई, इतल्या पानांत बायोलॉजी किती खेपा झाली असती, सांगा मले."

मी म्हटलं, "भाऊजी, माणूस थोडंसं मन रमवाले वाचते."

"थोडंसं? पन्नास? मी येथी सकाळच्या गाडीनं डबा पाठवून राहिलो तिले, का पोरीचा टाइम वाचला पाहिजे, आन ते तिकडं टाइम कायले वाचवून राहिली तर पऱ्याइच्या गोष्टी वाचाले! तुमची पुस्तकं तुमी घेऊन जा बाई. रागावू नका."

मी रागावले. चांगलीच रागावले. पण पोरगी त्यांची, फी त्यांची, मी आपली मावशी. दोन दिवसांत तिचा फोन गेला आणि हातात बटणांचा साधा फोन आला. पुस्तकं परत न्यायला मी अकोल्याच्या बसस्टँडवर गेले, कारण तेल्हाऱ्याहून ड्रायव्हरजवळ पाठवलेला डबा घ्यायला ती दुपारी तिथे यायची. पुस्तकांची पिशवी तिने खांद्यावर आणली होती. आम्ही बाकावर बसलो. तिने डबा उघडला, भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच हातात धरून ठेवला.

तिला बरं वाटावं म्हणून मी मिठाच्या मालिकेचा विषय काढला. आता शेवटचा भाग येणार, आपण तो तुझ्या परीक्षेनंतर बरोबरच वाचू, असं काहीतरी. ती म्हणाली, "हो मावशी. तिचा भाऊ येईन ना शेवटी तिले सोडवाले?"

नायिकेचा भाऊ दुसऱ्या भागात मरतो. त्या मालिकेतली ती सगळ्यात मोठी गोष्ट आहे. त्या प्रकरणाला मी मूर्तिजापूर स्टेशन येईपर्यंत रडत होते आणि समोरच्या गृहस्थांनी मला पाण्याची बाटली दिली होती. दुसऱ्या भागाला भाचीने पाच चांदण्या दिल्या होत्या.

मी पिशवीतून दुसरा भाग काढला. पुस्तकाच्या कण्यावर माझ्या वाचनाच्या चुण्या होत्या तेवढ्याच होत्या, नवी एकही नव्हती. माझ्या तोंडाकडे बघून तिला कळलं.

"वाचलं नाई मी," ती म्हणाली. "यातले लय नाई वाचले. सुरुवात केली का टिक करून टाकत होती."

"कावून पण?"

"ते रोज सांगे ना, तू मागं हाय. क्लासमध्ये टेस्टचा रँक लावतात बोर्डावर, तिथं मी मागं. येथी बी मागं. तिथं तर काही करता येत नाई मावशी. येथी टिक करता येते."

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, ती गेली. पण कोणावर काढायची ते कळेना. त्या अ‍ॅपवर, क्लासच्या बोर्डावर, भाऊजींच्या भागाकारावर की या पोरीवर? मी तिला म्हटलं, "मंग सांग न बाबाले! पन्नास नाई वाचले, धा-बारा वाचले म्हणून सांग. फोन परत देतीन ते तुले."

तिने मान हलवली. नाही.

"अवं, जे वाचलंच नाई त्याची शिक्षा कायले भोगून राहिली तू?"

तिने तेव्हा कुठे तो तुकडा तोंडात घातला, चावला, गिळला. मग म्हणाली, "सांगतलं तर मी काय राहिली मंग? रँक तर नाईच हाये. आता वाचणारी बी नाई? मावशी, तू नको सांगू."

मी नाही सांगितलं. तिची गोष्ट होती, तिनेच सांगायला हवी होती. गाडीत पुस्तक उघडलं की मला तिचं ते बोलणं आठवायचं. हीच मुलगी कूलरसमोर पालथी पडली होती, तेव्हा तिला कोणी टार्गेट दिलं नव्हतं. आता तिचं वाचणं राहिलं नव्हतं, वाचणारी म्हणवून घेणं तेवढं राहिलं होतं, आणि तेही गेलं तर पुन्हा काय धरून ती त्या पानांशी येणार, हे मला समजत नव्हतं. मला तीच एक भीती होती. ती डॉक्टर होवो न होवो, ती भीती मला कधी वाटली नाही. हे बोलले असते तर भाऊजींनी मला घरात घेतलं नसतं.

त्यात फेब्रुवारीत अकोटला घरातलं एक लग्न निघालं. भाचीला दोन तासांपुरती आणली होती. पंगत बसली होती, भाऊजी वाढपावर लक्ष ठेवत फिरत होते, आणि कोणीतरी सहज विचारलं, पोरीचं कसं काय चाललंय. भाऊजी म्हणाले, "पोरगी हुशार हाये. एका वर्षात इंग्रजीची पन्नास पुस्तकं वाचली तिनं, पन्नास! मीच बंद केलं मंग." आणि ते छाती काढून हसले. दोन्ही गोष्टींचा त्यांना अभिमान होता. तिने वाचल्याचा आणि त्यांनी थांबवल्याचा. विचारणारा माणूस वा वा म्हणाला. मी भाचीकडे बघितलं. ती पानातल्या वरणभाताकडे बघत होती, खात नव्हती. आता तिला खरं सांगायचं असतं तर बापाचा तो अभिमानही मोडावा लागला असता. मला त्या पंगतीतून उठून जावंसं वाटलं. मी जिलेबी खाल्ली.

मिठाच्या मालिकेचा शेवटचा भाग त्याच महिन्यात आला. सहाव्या भागाची दोन वर्षं वाट बघितली होती मी. कुरियरचं वेष्टनसुद्धा काढलं नाही. आई म्हणाली, "वाच न, पाहून कायले राहिली?" मी म्हटलं, दोघी मिळून वाचू असं ठरलंय. गाडीत मी दुसरंच काहीबाही वाचत राहिले. समोरच्या गृहस्थांनी विचारलं, मिठाच्या पोरीचं काय झालं? म्हणजे इतकी वर्षं ते समोरून डोकावत होते.

मे महिन्यात परीक्षा झाली आणि दोन दिवसांनी भाची अमरावतीला आमच्याकडे आली. एस.टी.तून उतरली तेव्हा चेहरा उन्हाने काळवंडलेला, केसांना तेल नाही. पेपर कसा गेला ते आम्ही कोणी विचारलं नाही. आईने मला तशी ताकीदच दिली होती. जेवण झालं, कूलर लावला आणि मी ते वेष्टनातलं पुस्तक तिच्या मांडीवर ठेवलं. मला वाटलं, ओरडेल. लहानपणी ओरडायची. तिने वेष्टन फाडलं, मुखपृष्ठ बघितलं आणि पुस्तक उलटं करून शेवटचं पान उघडलं.

आई पलंगावरून म्हणाली, "मागून कावून उघडून राहिली माय?"

"किती पानं हायेत ते पाहून राहिली आजी," ती म्हणाली. "सातशे हायेत. रोज पन्नास केले तर चौदा दिवस."

मला रडू आलं असतं, पण त्याआधी राग आला. मी म्हटलं, "भागाकार करून राहिली का तू? बापासारखा? ठेव ते खाली. वाचू नको. वाचलंच पाहिजे असा काई कायदा नाई." आणि मी स्वयंपाकघरात जाऊन विनाकारण ओटा पुसत बसले. बापाचं नाव घ्यायला नको होतं, पण तोंडातून गेलं. बाहेर कूलरचा आवाज तेवढा येत होता.

बऱ्याच वेळाने भाची ओट्याशी येऊन उभी राहिली. "मावशी, दुसरा भाग कुठीसा हाये?"

मी अजून रागातच होते. "तो तर तुया वाचून झाला. पाच चांदण्या देल्ल्या तू त्याले."

"नाई झाला," ती म्हणाली. मोठ्याने म्हणाली, बाहेरच्या खोलीत आजीला ऐकू जाईल इतक्या. "नाई वाचला मी तो. बाबाले बी फोन करून सांगतो मी, पण आज नाई. आज दे पुस्तक."

मी कपाटाकडे बोट दाखवलं. आईने पलंगावरून विचारलं, काय नाही वाचलं म्हणते ही? भाचीने दुसरा भाग काढून तिला दाखवला. आईने आपल्या उशाखालची पेन्सिल काढून नातीच्या हातात दिली आणि म्हणाली, "सत्तावीस नंबरचं पान. पण संपल्यावर, बरं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडीसाठी निघाले तेव्हा भाची पंख्याखाली आडवी झोपली होती. दुसरा भाग तिच्या उशाशी, पेन्सिल बाजूला. मी हळूच उघडून बघितला. खुणेला तिने एस.टी.चं तिकीट घातलं होतं, ते सत्ताविसाव्या पानाच्या पुढे होतं, थोडंच पुढे. भाऊ अजून जिवंत होता. मग मी मागे येऊन सत्ताविसावं पान बघितलं. कोरं होतं.

गाडीत बसल्यावर मी फोनवर ते अ‍ॅप उघडलं. तिथे ते पुस्तक तिने गेल्या ऑगस्टमध्येच वाचून संपवलेलं आहे.